शद्रक मास्तरांची तार

"मंडळीची प्रकृती ठीक नाही," सावळेराम उपदेशक म्हणाले आणि मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं, की चर्चची प्रकृती ठीक नाही.

इंग्लंडच्या चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू कॅनन प्रेस्कॉट यांनी लगेच पेनचं टोपण काढलं. हिंदुस्थानातल्या खेड्यातली मंडळी आतून कशी आहे हे ऐकायला तर त्यांनी या माणसाला इंग्लंडपर्यंत आणवलं होतं.

"कोणत्या बाबतीत ठीक नाही?" त्यांनी विचारलं.

मी तसंच मराठीत विचारलं. सावळेराम म्हणाले, "पोटात दुखतंय. काही खाल्लं की उलटून पडतंय. आन चार रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाई."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे चर्च, हे खरं. पण औरंगाबादेकडचा साठीतला माणूस 'आमची मंडळी' म्हणतो तेव्हा तो बायकोबद्दल बोलत असतो. मी शरमेनं लाल होत खुलासा केला. टेबलाभोवती अकरा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचे लोक, बसले होते. सहसा हसताना रुमाल तोंडाला लावणारी ती माणसं त्या दिवशी खदाखदा हसली.

"ह्ये का हसायलेत?" सावळेरामांनी मला विचारलं.

मी घोटाळा सांगितला. तेही हसले. "मंग चुकलं काय त्यात? दोन्ही मंडळ्या तिनंच सांभाळल्यात." मग हसू आवरून म्हणाले, "पर बाई, त्यांना म्हना, तिच्यासाठी प्रार्थना करा. चार रात्री लई होतात."

हे अडुसष्ट सालचं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, मिशनच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आता ऐंशी ओलांडली आहे आणि ही गोष्ट मी अजून कुणालाही सांगितलेली नाही.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात जगभरच्या ख्रिस्ती लोकांची सुवार्ता परिषद, म्हणजे येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्यांचा मेळावा, भरली होती. चार हजार माणसं, साठ-सत्तर देश, सात दिवस. असल्या मेळाव्यांत आम्ही अँग्लिकन म्हणजे लग्नात नवऱ्यामुलाच्या लांबच्या मामासारखे. आमंत्रण असतं, पण कुठे बसायचं ते कळत नाही. बाकीचे लोक डोळे मिटून, हात वर करून मोठ्यानं प्रार्थना करायचे. आम्ही आपले 'साधारण प्रार्थनेचे पुस्तक' उघडून छापलेलं वाचणारे. आमच्यात हात फक्त रिक्षा थांबवायला वर करतात. त्यामुळे अशा गोंगाटात आपण जावंच कशाला, असं लंडनच्या कमिटीतल्या अर्ध्याअधिक लोकांचं मत होतं. कॅनन प्रेस्कॉट एकटे त्यांच्याशी दोन वर्षं भांडले. आपण सुवार्तेला लाजतो म्हणून आपली देवळं ओस पडली, असं ते म्हणायचे. शेवटी आम्हाला मोठ्या व्यासपीठावर वीस मिनिटं मिळाली, गुरुवारी सकाळी साडेदहाला. दहा मिनिटं कॅननसाहेबांची आणि दहा सावळेरामांची, माझ्या इंग्रजीसकट.

सावळेराम दुशिंग हे पाळक, म्हणजे दीक्षित धर्मगुरू, नव्हते. चौथी शिकलेल्या माणसाला पाळकाची दीक्षा मिळत नाही. ते उपदेशक. म्हणजे पायी अकरा वस्त्या हिंडायच्या, शास्त्र वाचून दाखवायचं, मुलांना गाणी शिकवायची, मेलेल्यांना पुरायचं आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी जीपमधून आलेल्या साहेबाच्या मागे पाण्याचं भांडं धरून उभं राहायचं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

माणूस खरा, म्हणजे जाच होईल इतका खरा. परिषदेच्या छापील पत्रकात त्यांच्या नावापुढे 'आठशे लोकांना ख्रिस्ताकडे आणले' असं आलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, "चारशे सहा. त्यातले बारा परत गेले." मी म्हटलं, छापून झालंय, आता कोण बघतंय. त्यांनी मला कॅननसाहेबांपुढे नेऊन उभं केलं. दुसऱ्या दिवशी चार हजार पत्रकांबरोबर चार हजार चिठोऱ्या वाटल्या गेल्या. त्यांच्यावर फक्त 'आठशे नव्हे, तीनशे चौऱ्याण्णव' एवढंच होतं. अमेरिकन पाहुण्यांना वाटलं, हा बायबलातल्या एखाद्या स्तोत्राचा आकडा असावा.

त्यांची बायको रिबका. मी तिला दोनदाच भेटले होते. ठेंगणी, काळीसावळी, बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय. आम्ही निघालो तेव्हाच तिचं पोट दुखत होतं. "जा तुम्ही, मी काय पळून चाललेय का," असं म्हणून तिनं नवऱ्याला बसमध्ये ढकललं होतं. सोमवारी गावच्या शाळेतल्या शद्रक मास्तरांची पहिली तार आली. रिबकाला चार रात्री झोप नाही, प्रार्थना करा. सावळेराम त्याच दिवशी परत निघायला तयार झाले होते. कॅननसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "गुरुवारी बोला. शुक्रवारच्या विमानात मी स्वतः तुम्हाला बसवतो."

सावळेराम विचार करून म्हणाले, "ती बी ह्येच म्हनली असती."

मंगळवारपासून सगळ्या सभेत रोज रिबकासाठी प्रार्थना होऊ लागली, आणि मंगळवार-बुधवार आम्ही भाषणाची तयारी केली. म्हणजे मीच केली. त्यांना तयारी लागत नव्हती. त्यांचं एक वाक्य झालं की माझं एक. मी ते सगळं पाठ केलं, आरशासमोर उभी राहून बारा वेळा म्हटलं. निघण्यापूर्वी औरंगाबादेत घेतलेली मोरपंखी काठाची पांढरी साडी मी आठवडाभर घडी न मोडता ठेवली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मी त्यांच्या भल्यासाठी केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. मलाही त्या व्यासपीठावर उभं राहायचं होतं.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास सभागृहामागच्या खोलीत आम्ही चहा घेत होतो. सावळेराम कोपऱ्यात खुर्चीवर बसून बायबलच्या नव्या करारावर हात ठेवून पुटपुटत होते. कॅननसाहेब हातात तार घेऊन आत आले. चेहरा उजळलेला.

"मिस त्रिभुवन, आपल्या बंधूंसाठी चांगली बातमी आहे."

मी कागद घेतला. इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, रिबका स्लेप्ट वेन्सडे डॉन, इन्फॉर्म सावळेराम, शद्रक.

रिबका बुधवारी पहाटे झोपली. सावळेरामांना कळवा.

शद्रक मास्तरांचं इंग्रजी मला नीट ठाऊक होतं. बिशपसाहेबांकडे जाणारा त्यांचा तिमाही अहवाल चार वर्षं मीच सुधारून टंकलिखित करत होते. त्यात ते न चुकता लिहायचे, या तिमाहीत बाप्तिस्मे पाच, लग्नं दोन, 'स्लेप्ट' तीन. आमच्यात ख्रिस्ती माणूस मेला असं म्हणत नाहीत, प्रभूमध्ये निजला म्हणतात. मास्तर त्याचं इंग्रजी करायचे आणि मी दर वेळी 'स्लेप्ट' खोडून 'डेथ्स' असं टाइप करायचे. शिवाय कुणाला झोप लागली हे सांगायला औरंगाबादेच्या पोस्टात जाऊन कुणी इंग्लंडला तार करत नाही.

वाचताक्षणी मला कळलं. कळायला वेळ लागला, असं काही झालं नाही.

"म्हणजे पहाटेपर्यंत छान झोप लागली, असंच ना?" कॅननसाहेबांनी विचारलं. त्यांनी खरोखर विचारलं. त्यांना तारेतलं ते तुटक इंग्रजी जरा खटकलं असावं.

मी घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं.

"हो," मी म्हणाले.

"मग सांगा त्यांना! सांगा!"

सावळेराम उठून उभे राहिले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण नाव त्यांनी ऐकलं होतं. "रिबकाचं काय, बाई?"

मराठीत दोन शब्द आहेत. 'निजली' म्हटलं असतं तर त्या माणसाला सगळं कळलं असतं, मला पुढे एक अक्षर बोलावं लागलं नसतं. जिभेवर तो शब्द आलाही होता.

"झोप लागली त्यांना," मी म्हणाले. "बुधवारी पहाटे."

त्यांनी माझ्या हातातून तार घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली, कपाळाला लावली आणि घडी घालून नव्या करारात ठेवली. मग खुर्चीत बसले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिले. कॅननसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मी चहाचा कप उचलून एका दमात प्यायले. तो कढत होता, हे मला दुपारी जिभेला फोड आल्यावर कळलं. दात काढायच्या आधी सुई दिली की ओठ आपला वाटत नाही, तसं मला सगळं अंगच वाटत होतं. मी मनाशी ठरवलं, भाषण झालं की सांगायचं. काय मोठा फरक पडतो? आमच्याकडे माती त्याच दिवशी होते. बुधवारी पहाटे गेलेल्या बाईला बुधवारी संध्याकाळीच पुरलं असणार. हे आता उडत गेले तरी पोचणार नाहीत. हिशेब अगदी बरोबर होता आणि तो मांडताना माझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

साडेदहाला आम्ही व्यासपीठावर गेलो.

कॅननसाहेबांची दहा मिनिटं मला आठवत नाहीत. सावळेराम मायक्रोफोनसमोर आले तेव्हा टोपी कुठे ठेवायची ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी ती माझ्याकडे दिली. मी पूर्ण वेळ ती हातात धरून उभी होते. मोरपंखी काठ कुणाला दिसला नसेल.

मोठ्या सभेत ते पुस्तकी मराठी बोलत.

"लोक म्हणतात, सावळेरामाने सुवार्ता सांगितली," त्यांनी सुरुवात केली. "मी एकतीस वर्षे बोलत आहे. पहिली सहा वर्षे कोणी ऐकले नाही. मी गावात आलो की दारे लावून घेत."

मी इंग्रजीत सांगितलं.

"मग माझी पत्नी रिबका बाळंतपणे करू लागली. बाई अडली की रात्र असो, पाऊस असो, तिला बोलावणे येई. ज्यांनी माझ्या तोंडावर दार लावले त्यांनी तिला दार उघडले. ती पोर बाहेर काढी, नाळ कापी, आणि निघताना फक्त म्हणे, उद्या आमचे मालक येतील, त्यांचे जरा ऐका."

मी इंग्रजीत सांगितलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. चार हजार माणसांच्या टाळ्या पायांखालच्या फळ्यांतून अंगात येतात.

"माझ्या मंडळीत जे तीनशे चौऱ्याण्णव आहेत, त्यांतले दोनशेच्या वर तिच्या हातात जन्मले. मी फक्त नंतर नाव ठेवायला गेलो." ते थांबले. हे वाक्य आमच्या तयारीतलं शेवटचं. माझं इंग्रजी झालं, मी मागे सरकले. पण ते जागचे हलले नाहीत. त्यांनी नव्या करारातून तार काढली.

"बंधूंनो, तुम्ही मंगळवारपासून तिच्यासाठी प्रार्थना करीत आहात. ती चार रात्री तळमळत होती. आज सकाळी ही तार आली. बुधवारी पहाटे तिला झोप लागली. देवाने तुमचे ऐकले. माझ्याबरोबर त्याचे आभार माना."

ते माझ्याकडे वळले. सगळी सभा माझ्याकडे बघत होती.

मी इंग्रजीत सांगितलं. आवाज कापला नाही. शाळेतल्या मुलींना शुद्धलेखन घालतानाचा माझा आवाज असतो, तसाच होता.

परिषदेचे अध्यक्ष टेक्सासचे, सहा फुटी, मोठ्या मनाचे गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि सगळ्यांना उभं केलं. खुर्च्यांचा एकच आवाज झाला. साठ-सत्तर देशांची चार हजार माणसं रिबका दुशिंगच्या झोपेसाठी आपापल्या भाषेत देवाचे आभार मानू लागली. कुणी रडत होतं. आमच्या रांगेतले अकरा अँग्लिकनसुद्धा उभे होते आणि त्यातल्या दोघांचे हात चक्क वर होते. सावळेराम मध्यभागी डोळे मिटून उभे होते. त्यांच्या तोंडावर असं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतर तर नाहीच.

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं हे कळत होतं, पण वाटत काही नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर ते मला शोधत आले. "बाई, कागुद-पेन हाय का? रिबकाला पत्र लिवू. मी जायच्या आधी पोचनार नाई, पर मागून आलं तरी वाचून दावीन. तिला गंमत वाटंल."

आम्ही समुद्राकडे तोंड करून एका बाकावर बसलो. ऊन होतं, वारा होता. मी मांडीवर कागद घेतला.

"लिवा. सौभाग्यवती रिबका हिस प्रभू येशूच्या नावात सलाम."

मी 'सौ.' लिहिलं. ते अजूनही खरंच होतं. नवऱ्याआधी गेलेली बाई सौभाग्यवतीच राहते.

"आज तुझ्यासाठी चार हजार मानसं उभी ऱ्हायली. गोरी, काळी, चपट्या नाकाची. तू असतीस तर म्हनली असतीस, एवढ्यांच्या च्याचं कोन बघतंय." ते स्वतःशीच हसले. "लिवलं?"

"लिहिलं."

"मंग लिवा, तुला झोप लागली ह्ये ऐकून माजा जीव..." ते शब्द शोधू लागले. "थांबा. जीव भांड्यात पडला नका लिवू, ते सगळेच म्हनतात. असं लिवा, तू झोपलीस आन माजे डोळे उगडले. नाई, ह्ये बी बराबर नाई. तुमी शिकलेल्या हाय, तुमीच बगा काय लिवायचं ते."

मी पेन खाली ठेवलं.

"बाई?"

"झोपल्या नाहीत त्या," मी म्हणाले. "रिबकाबाई निजल्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदा समुद्राकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं होतं ते ओरडतील किंवा कोसळतील. त्यांनी नवा करार उघडून तार बाहेर काढली, माझ्यापुढे धरली.

"कोनता शब्द? बोट ठिवा."

मी बोट ठेवलं.

"ह्यो म्हंजे निजली?"

"शद्रक मास्तर तसंच लिहितात. साहेबांना वाटलं, झोपली."

"आन तुमाला?"

तेव्हा मी खोटं बोलू शकले असते. सकाळी एवढं सोपं गेलं होतं. "मला कळलं होतं," मी म्हणाले. "वाचल्याबरोबर. साहेबांनी विचारलंही, तरी मी हो म्हणाले. भाषण व्हावं म्हणून. मलाही तिथं बोलायचं होतं म्हणून."

पायाशी एक समुद्रपक्षी येऊन आमच्याकडे खायला मागत राहिला आणि कंटाळून गेला. ते मला चार शिव्या देतील तर बरं होईल, असं वाटत होतं. त्यांनी शेवटी तोंड उघडलं तेव्हा आवाज अगदी साधा होता, एखाद्या मुलानं गणित अडल्यावर विचारावं तसा.

"मी आभार मानले, बाई."

"हो."

"देवाचे. ती मेली म्हनून. चार हजार मानसांकडून मानून घेतले." त्यांनी तार गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केली. "ते आता परत कसे घ्यायचे? तुमच्या इंग्रजीत हाय का तसा काही शब्द?"

मी नाही म्हणाले.

"मराठीत बी नाई," ते म्हणाले. थोड्या वेळानं उठले. "चला. त्यांना सांगाया पायजे. ती मानसं आपल्या गावाला जाऊन सांगतील, एक बाई बरी झाली. असं खोटं घेऊन त्यांना जाऊ द्यायचं नाई."

कॅननसाहेबांना मी एवढंच सांगितलं, की तारेचा अर्थ तो नव्हता. ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, "मी चुकीचं वाचलं. मीच चुकीचं वाचलं." त्यांनी मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं हे त्यांना आठवलं असेल, पण आपल्याप्रमाणे ही पोरगीही फसली, असं ते धरून चालले. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. पुढे एकोणीस नाताळांना त्यांचं पत्र आलं आणि प्रत्येक पत्रात त्या वाचनाबद्दल माफी असायची. मी उत्तरादाखल छापील कार्ड पाठवायचे.

चारची सभा सुरू होण्याआधी अध्यक्षांनी सावळेरामांना पोटाशी धरलं. म्हणाले, मी जाहीर करतो, तुम्ही खोलीवर जाऊन पडा. मी ते मराठीत सांगितलं.

"नाई," सावळेराम म्हणाले. "उभं मी केलं व्हतं त्यांना."

आम्ही पुन्हा त्या फळ्यांवर गेलो. या वेळी टोपी त्यांच्या डोक्यावरच होती. त्यांना पाहून लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. काहींनी नावानं हाका मारल्या. सकाळच्या माणसाकडे आणखी एखादी चांगली बातमी आहे असं त्यांना वाटलं असणार. टाळ्या थांबेपर्यंत सावळेराम हातात तार धरून उभे राहिले.

"सकाळी मी तुम्हाला सांगितले, माझ्या पत्नीला झोप लागली," ते पुस्तकी मराठीत म्हणाले. "ते खरे नव्हते. माझी रिबका बुधवारी पहाटे प्रभूमध्ये निजली."

मी इंग्रजीत सांगितलं. त्या वेळी झोपेचा कुठलाही शब्द मी जवळ येऊ दिला नाही. सरळ म्हटलं, ती मेली.

मग कुठेतरी मागे एक बाई हुंदका देऊन रडली. पहिल्या रांगेत कॅननसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. सावळेरामांनी हातातली तार थोडी वर केली, सगळ्यांना दिसेल इतकी.

आता ते माझ्याबद्दल सांगणार, हे मला ठाऊक होतं. ज्या माणसानं आकड्यातल्या चुकीसाठी चार हजार चिठोऱ्या छापायला लावल्या तो हे सोडणार नव्हता. मी तयार होते. बरंच वाटत होतं म्हणा ना. त्याचं इंग्रजी मीच करायचं होतं, तेही मी करणार होते.

"हिचा खरा अर्थ कोणालाच कळला नव्हता," सावळेराम म्हणाले. "या बाईंनासुद्धा नाही. दुपारी कळला, तेव्हा त्यांनी लगेच मला सांगितले. त्यांचा यात काही दोष नाही."

त्यांच्या एकतीस वर्षांच्या उपदेशात मी किंवा दुसऱ्या कुणीही त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकमेव खोटं. ते बोलून त्यांनी सवयीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या वाक्यासाठी थांबून राहिले.

चार हजार माणसं वाट बघत होती. मी मायक्रोफोनशी गेले आणि त्याचं इंग्रजी केलं. एक शब्दही न बदलता.